उणे रेघ

भांडणात माझा हात धरणारं करंजखोलात कुणी नाही, हे मी कशाला सांगू, कुणालाही विचारा. पिठाची गिरणी चालवायची तर आवाज लागतो. पट्टा फिरत असला की "बारीक दळू की जाड" हेसुद्धा ओरडूनच विचारावं लागतं. बावीस वर्षं मी ओरडत आले. त्यामुळे पुनर्वसन मंडळाच्या टिळेकर मॅडम जेव्हा म्हणाल्या, "दर्शनाताई, तुम्हाला फक्त एक भांडण करायचं आहे," तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, एवढंच ना?

आमचं गाव डोंगराच्या पायथ्याला, एकाहत्तर घरांचं. दोन वर्षांपूर्वी माझ्या परसामागे, गुरांच्या वाटेवर एक भेग पडली. आधी तीत काडी जायची, मग हात जायला लागला. मंडळाची माणसं आली, डोंगरात नळ्या ठोकल्या, त्यांना यंत्रं लावली, आणि म्हणाली की येत्या एक-दोन पावसाळ्यांत हा कडा खाली येणार. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या मोकळ्या पठारावर, आमच्यासाठी घरं बांधून तयार होती. अट एकच. अर्धं गाव हलवलं आणि अर्धं मागं राहून गाडलं गेलं, असे प्रकार आधी झाले होते, म्हणून नव्या कायद्यात सगळ्या घरांची संमती लागायची. एकतीस मेच्या आत एकाहत्तरच्या एकाहत्तर सह्या, नाहीतर सड्यावरची घरं यादीतल्या पुढच्या गावाला.

आता जीव वाचवायचा, यात मत ते काय विचारायचं? पण गाव आमचं आहे. शिमग्याला पालखी आधी भुवडांच्या अंगणात नाचवायची की रेवाळ्यांच्या, यावरून माझ्या आजेसासऱ्यांच्या काळापासून दोन तट. आम्ही भुवड म्हणालो जाऊ या, तर गोविंद रेवाळे म्हणाला, मग आम्ही राहणार. चौतीस घरं एकीकडे, सदतीस दुसरीकडे. दर सभेला दोन्हीकडचे आवाज आणखी चढायचे, आणि सही एकही वाढायची नाही.

सुगंधा शिगवण आमच्या बाजूची. माझ्या गिरणीला लागून तिचं शिलाईचं दुकान, मधे फक्त पत्र्याची भिंत. दोघी एकाच वैशाखात लग्न होऊन या गावात आलो, आणि महिनाभर एकाच ओढ्यावर बसून माहेरच्या आठवणीनं रडलो. माझा नवरा गेला तेव्हा तेरा दिवस माझी चूल तिनं सांभाळली. तिच्या सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, तेव्हा तिला घटकाभर डोळा लागावा म्हणून मी गिरणी बंद करून त्यांच्याजवळ बसायचे. सख्खी बहीण काय असते मला ठाऊक नाही. मला सुगंधा होती.

टिळेकर मॅडम जानेवारीत आल्या. चाळिशीच्या, सुती साडी, आवाज कधी म्हणून चढवायच्या नाहीत. अशा बायकांची मला भीतीच वाटते. त्यांनी घरोघरी प्रत्येकाला गळ्यात घालायला एक बिल्ला दिला. बिल्ला आपले शब्द ऐकत नाही, म्हणाल्या. कोण कुणाला भेटलं, किती वेळ, समोरासमोर आवाज मऊ पडला की ताठला, नाडी शांत चालली की उसळली, एवढंच मोजतो. त्या यंत्रणेचं नाव होतं 'समेट'. सरकारला नावं मात्र छान सुचतात.

महिन्याभरानं त्यांनी मला एकटीला शाळेत बोलावलं. फळ्याएवढा पडदा लावला होता आणि त्यावर ठिपक्यांचं भलंमोठं जाळं.

"हे तुमचं गाव," त्या म्हणाल्या. "ठिपका म्हणजे माणूस. हिरवी रेघ म्हणजे ज्याचं ऐकून आपण त्याच्याकडे झुकतो. लाल रेघ म्हणजे ज्याचं ऐकून आपण नेमके उलट जातो. गणितात एकीला अधिक म्हणतात, दुसरीला उणे."

"लाल म्हणजे बोलणं नाही, असंच ना?"

"छे. लाल रेघेत ऐकणं असतंच. गोविंद रेवाळे सभेत काय म्हणाले ते तुम्ही शब्दन् शब्द ऐकता. आणि मग त्याच्या विरुद्ध जाता."

हे खरं होतं. त्या मेल्याचं एक वाक्य मी चुकवत नसे.

मग त्यांनी दाखवलं. चौतीस घरांच्या आत सगळं हिरवं, सदतीस घरांच्या आत सगळं हिरवं, आणि मधे नुसता लाल गुंता. "असं जाळं फार सुखी असतं," त्या म्हणाल्या. "माझ्या माणसाला जो नको, तो मलाही नको. कुणाच्या मनात ओढाताण म्हणून नाही. म्हणूनच इथं कधी एकमत होत नाही. जितकं बोलाल तितकी दोन टोकं पक्की होतात. हा तुमच्या गावाचा दोष नाही हो, हे गणितानं सिद्ध झालेलं आहे."

"मग करायचं काय?"

"ही अशी सुखाची जुळणी मोडायची. एका तटाच्या आत एक लाल रेघ पाडायची. समजा, तुम्ही आणि सुगंधाताई भांडलात. तुमच्या जाऊबाईंना तुम्ही दोघी सारख्याच जवळच्या. तुमचं ऐकून त्या एकीकडे झुकतात, लगेच सुगंधाताईंचं ऐकून दुसरीकडे. असं ओढलं जाऊन जाऊन त्यांचं मत मधे येतं. मधे म्हणजे शून्यावर. त्यांचं शून्यावर आलं की त्यांच्याशी जोडलेल्यांचंही सैल पडतं. रेवाळ्यांच्या बाजूचंसुद्धा, कारण ज्याच्या उलट जायचं तेच समोर उरत नाही. होता होता सगळं गाव."

"म्हणजे सगळे जाऊ या म्हणतील?"

"नाही. कुणाला काहीच वाटेनासं होईल." त्यांनी पडदा बंद केला. "मग आम्ही एक हलका धक्का देऊ. शून्यावरचा माणूस कुठेही यायला तयार असतो."

मी काही अगदीच बावळट नाही. म्हटलं, "मग एखादी लाल रेघ हिरवी करा की. रेवाळ्यांत आणि आमच्यात एक मैत्री लावून द्या. तीही जुळणी मोडेलच."

त्या पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागल्या. "बरोबर. गणिताला दोन्ही सारखंच. पण दोन तटांत मैत्री लागून टिकायला आमच्या अनुभवात आठ-नऊ महिने जातात. भांडण दोन दिवसांत लागतं."

"आणि आम्हीच का?"

"सगळं गाव तुमच्याकडे दळणाला येतं आणि त्यांच्याकडे मापाला. गावातली सगळ्यात जाड हिरवी रेघ ही तुमची. बारीक रेघ मोडून फार काही हलत नाही."

सुगंधाला सांगू का, असं मी विचारलं. नाही म्हणाल्या. दोघींना ठाऊक असलं की नाटक होतं, आवाज खोटा पडतो आणि लोकांना ते कळतं. एकीला ठाऊक असलं की पुरे. सह्या झाल्या की सगळं सांगून टाका.

लोकांना वाटेल मी खूप विचार केला असेल. नाही केला. माझं घर भेगेला सगळ्यात जवळ, आणि मला मरायचं नव्हतं. घरी जाऊन चहा होईतो माझं ठरलं होतं.

आता आमच्याकडे बायका भांडतात म्हणजे काय करतात? अबोला धरतात. मीही धरला. सुगंधा पत्र्यावर टिचकी मारून हाक मारायची, मी ओ द्यायची नाही. तिनं बांगड्याचं कालवण आणून ठेवलं, ते मी तसंच परत पाठवलं. रस्त्यात दिसली की मान फिरवायची. जीव नुसता तुटत होता, पण म्हटलं, सत्तर घरांसाठी करतेय. अकरा दिवस असे काढले आणि बाराव्या दिवशी मॅडमचा फोन.

"दर्शनाताई, हे काय केलंत? रेघच पुसली गेली."

"अहो, अबोला आहे आमचा! अख्ख्या गावाला ठाऊक झालंय."

"अबोला म्हणजे शून्य. तुम्ही एकमेकींचं ऐकतच नाही. जाळ्यातून एक रेघ काढली तर उरलेली जुळणी तशीच राहते. मला शून्य नकोय, मला उणे हवंय. त्यांच्यासमोर उभ्या राहा आणि लोकांच्या देखत बोला."

मला मेलीला वाटलं होतं की अबोल्याहून वाईट काही नसतं.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर दहा-बारा बायका डबे घेऊन उभ्या असताना मी सुगंधाच्या दारात गेले आणि तोंड सोडलं. तुझ्या चिंध्या उडून माझ्या पट्ट्यात अडकतात, तुला काही लाजशरम आहे का, वगैरे वगैरे. आवाज चांगला टिपेला नेला. सुगंधानं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि खुदकन हसली. "बोललीस बाई एकदाची! नाकाला पीठ लागलंय, आधी ते पूस." सगळ्या बायका हसल्या. मलाही हसू आलं, काय करू? संध्याकाळी मॅडमनी सांगितलं की रेघ पुन्हा उमटली, पण हिरवीच.

मग मार्चमध्ये मला खरंच राग येण्यासारखं घडलं. सुगंधा रोज दुपारी जेवण झाल्यावर रेवाळ्यांच्या ओटीवर जाऊन बसायला लागली. गोविंदची बायको यशोदा आणि ही, दोघी तासन् तास गप्पा मारतायत, हिच्या हातात टेप, तिच्या मांडीवर तांदळाचं सूप. ज्या गोविंदनं आम्हा सगळ्यांना डोंगराखाली गाडायचा चंग बांधलाय, त्याच्या ओटीवर! माझ्या अंगाची लाही लाही झाली. बुधवारी गिरणीवर सगळ्यात जास्त गर्दी असते. त्या बुधवारी मी तिला सगळ्यांच्या देखत फितूर म्हटलं. "त्यांच्या ओटीवरचा चहा गोड लागतो का गं? उद्या त्यांच्याच बाजूनं सभेत बसशील!"

या वेळी ती हसली नाही. "तुला काय कळतंय त्यातलं?" एवढंच म्हणाली, पण आवाज चिरकला होता. माझी नाडी तर कानात वाजत होती. त्या संध्याकाळी रेघ लाल झाली.

मॅडम खूश. पण म्हणाल्या, एकदा होऊन भागत नाही. जाळं एका जागी थांबत नाही. कुणी मुंबईला जातं, कुणी लग्नाला, कुणी आजारी पडून घरात बसतं, जुन्या रेघा जातात, नव्या येतात. लाल रेघ मधेच विझली की मतं परत आपापल्या टोकाला जातात. म्हणून दर आठवड्याला एकदा तरी ती पडलीच पाहिजे. डॉक्टर औषधाचे डोस सांगतो तसं त्यांनी सांगितलं, आणि मी दर बुधवारी तो डोस द्यायला लागले.

काम होत होतं, हे मान्य करायला हवं. माझी जाऊ आधी सभेत माझ्याआधी उठून बोलायची, ती आता पदराशी चाळा करत बसायची. गोविंदचा भाऊ राहायचं-जायचं बोलणं निघालं की उठून बाहेर जायचा. एप्रिलच्या सभेत पहिल्यांदाच कुणी कुणाच्या अंगावर धावलं नाही. मी मनात म्हटलं, बघ, गुण येतोय.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात अडलं. सुगंधा उत्तरच देईना. मी दारात उभी राहून वाट्टेल ते बोलायचे, ती मशीनचं चाक फिरवत खाली मान घालून शिवत राहायची. मॅडम म्हणाल्या, "लाल फिकट होत चाललीय. सतरा दिवस उरलेत, दर्शनाताई. गाव अगदी काठावर आहे. त्यांना लागेल असं काहीतरी हवं."

"काय बोलू तरी?"

"ते मी कसं सांगणार? त्यांना सगळ्यात जास्त तुम्हीच ओळखता."

मी ओळखत होते. सुगंधाच्या सासूबाई गेल्या ती दुपार. चार वर्षं त्यांचं सगळं अंथरुणातच, आणि ते सगळं सुगंधाच्या हातानं. त्या दुपारी त्यांनी आतून पाणी मागितलं. सुगंधा पडवीत नुकतीच लवंडली होती. तिला हाक ऐकू आली. दोनदा आली. ती उठली नाही. चार वाजता उठून आत गेली तर म्हातारीचा खेळ संपलेला. हे तिनं जगात एका माणसाला सांगितलं होतं, वर्षश्राद्धाच्या दिवशी, माझ्या गिरणीच्या पायरीवर, माझ्या मांडीत तोंड खुपसून. मी तेव्हा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हटलं होतं, अगं, तू माणूस आहेस, दमली होतीस.

तिचा नवरा जयवंत आईवेडा. आईच्या फोटोला हात जोडल्याशिवाय अजून घास घेत नसे.

त्या बुधवारी जयवंत गिरणीवरच होता, नाचणीचं दळण न्यायला आलेला. मी काही ठरवून गेले नव्हते, हे आजही शपथेवर सांगेन. मी सुरुवात नेहमीसारखीच केली. सुगंधा शिवत राहिली. मला त्या शिवण्याचाच संताप आला. एवढं बोलतेय आणि ही बाई मला भिंतीसारखी वागवते? माझं तोंड सुटलं.

"ऐकू येत नाही का गं? की ऐकू येऊन उठायचं नाही, ही सवयच आहे तुला? म्हातारी पाणी पाणी करून मेली, तेव्हाही ऐकलं होतंस ना? पडवीत पाय पसरून पडली होतीस ना?"

गिरणी चालू होती, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. आवाजच तसा कमावलाय मी. जयवंतच्या हातातला डबा खाली आला. तो सुगंधाकडे बघत राहिला. ती "नाही" म्हणाली असती तर त्यानं तिचंच खरं मानलं असतं. पण तिला खोटं बोलता येत नाही. ती उठली, धडपडत दारापर्यंत आली आणि किंचाळली, "दर्शना!" तसला आवाज मी तिच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता.

मॅडम म्हणाल्या, एवढी लाल रेघ त्यांनी कुठल्याच गावात पाहिली नव्हती.

त्यानंतर नऊ दिवसांत करंजखोल विझलं. दुसरा शब्द सुचत नाही. बायका दळण टाकायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. पोरांना कुणी ओरडेना, पारावर कुणी बसेना. मंडळाची माणसं पत्रकं घेऊन घरोघर गेली, तर गोविंद रेवाळ्यानं पत्रक वाचलंसुद्धा नाही. "कुठं करायची सही?" एवढं विचारलं आणि केली. सव्वीस मेला एकाहत्तरावी सही झाली. मला वाटलं होतं, त्या दिवशी मी ढोल वाजवीन. मी घरी जाऊन भांडी घासली.

सामान हलवताना कुणीतरी विचारलं, पालखी कुणाच्या गाडीतून न्यायची? तीन पिढ्या ज्यावरून डोकी फुटली, त्या प्रश्नाला कुणी उत्तरच दिलं नाही. पालखी गाद्यांच्या टेंपोत गेली.

एकोणीस जुलैला, सकाळी अकराच्या सुमाराला कडा खाली आला. सड्यावर पायाखाली जमीन थरथरली, मग बराच वेळ घरघर चालली. आम्ही कातळाच्या कडेला जाऊन उभे राहिलो. खाली लाल माती आणि धोंडे, त्यात माझं घर कुठं आणि गिरणी कुठं हेही कळेना. एक माणूस गेला नाही. एक वासरूसुद्धा गेलं नाही. वर्तमानपत्रांत आमच्या गावाचं नाव आलं, टिळेकर मॅडमचा सत्कार झाला. कडेला उभं राहून कुणी रडलं नाही. थोड्या वेळानं लोक जेवायला घरी गेले.

मला मात्र त्या दिवशी हायसं वाटलं. खूप हायसं वाटलं. म्हटलं, आता मी तिला तोंड दाखवू शकते. डोंगरानंच माझी साक्ष दिली.

तरी पंधरा दिवस धीर होईना. सुगंधाला चौथ्या ओळीत घर मिळालं होतं. जयवंत त्याच घरात राहायचा, पण जेवायला भावाकडे जायचा. तिच्या हातचं पाणीही घेत नव्हता. शेवटी एका सकाळी मी निमित्ताला ब्लाउजपीस घेतलं आणि गेले. ती मशीनवर होती. केस बरेच पांढरे झालेले. "ये," म्हणाली. मला त्या एका शब्दावर रडूच फुटलं.

मी सगळं ओकून टाकलं. शाळेतला पडदा, ठिपके, लाल-हिरवं, अबोला, दर बुधवारचा डोस. "ते खरं भांडण नव्हतं गं सुगंधा. मला करायला लावलं होतं. आणि बघ, कडा आला की नाही खाली? आपण सगळी मेलो असतो."

तिनं दातांनी दोरा तोडला. "ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"ती बाई आधी माझ्याकडे आली होती. तुझ्याकडे यायच्या दोन दिवस आधी. तेच ठिपके, तेच सगळं. म्हणाली, दर्शनाताईंशी एक भांडण करा."

मी दाराच्या चौकटीला धरलं. "मग?"

"मी नाही म्हटलं. म्हटलं, कुठलीही दुसरी रेघ मोडा, एवढी नको. मग म्हटलं, रेवाळ्यांकडची एक लाल रेघ मी हिरवी करून देते. ती म्हणाली, आठ-नऊ महिने लागतात. म्हटलं, मी चारात करते." तिनं कापड उलटं करून शिवण तपासली. "म्हणून यशोदाकडे जात होते. यायला लागली होती ती वाटेवर. मला पोटातलं सांगायला लागली होती. मग त्या बुधवारी तू बोललीस, आणि तिनं मला ओटीवर चढू दिलं नाही. सासूला तहानेनं मारणारी म्हणून."

"अगं, पण यशोदा एकटी काय करणार होती? ते वेळेत झालं असतं कशावरून?"

"नसतंही झालं," ती शांतपणे म्हणाली. "कुणाला ठाऊक? कडा तर आलाच. तू म्हणतेस ते बरोबर आहे, सगळे वाचले."

"म्हणजे मी पहिल्यांदा अंगावर आले, तेव्हाच तुला कळलं होतं?"

"अबोला धरलास तेव्हाच कळलं. म्हटलं, तिनं हो म्हटलेलं दिसतंय." ती पहिल्यांदा थांबली. "त्याचं इतकं नाही वाटलं मला. तुझं घर भेगेजवळ होतं. घाबरली असशील. मी मनाला म्हटलं, बोलू दे, सह्या होईतो ऐकून घेऊ, मग दोघी मिळून हसू."

मी तिचे पाय धरायला वाकले. तिनं खांद्याला धरून मला सरळ केलं, जोर न लावता.

"एकच विचारायचं होतं," ती म्हणाली. "आत्याबाईंचं जे बोललीस ना, ते शब्द त्या बाईनं लिहून दिले होते का तुला?"

एक हो म्हटलं असतं तर झालं असतं. टिळेकर मॅडम कुठल्या कुठं निघून गेल्या होत्या, विचारायला कोण जाणार होतं? आणि सुगंधानं मानलं असतं. तिला मानायचंच होतं, मला तिच्या तोंडावर दिसत होतं ते. माझी जीभ, जी बावीस वर्षांत कधी अडली नाही, ती टाळ्याला चिकटून बसली. बराच वेळ गेला आणि मग खोटं बोलून उपयोग उरला नाही.

"नाही," मी म्हटलं. "त्या फक्त भांडा म्हणाल्या होत्या."

"बरं."

"मी जयवंतला सांगते. आत्ता जाऊन सांगते, की ते सगळं खोटं होतं, मला तसं बोलायला लावलं होतं म्हणून."

"नको. मी त्याला सांगितलंय, खरं आहे म्हणून." तिनं हात पुढं केला. "पीस आणलंयस ना? दे इकडे."

"सुगंधा, शिव्या दे गं मला. दोन थोबाडीत मार. काहीतरी बोल!"

"कशाला?" ती म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं, कशाला ते. तिच्या डोळ्यांत राग शोधला, नव्हता. दुसरंही काही नव्हतं. तिनं पीस उलगडून अस्तराला पुरेल का ते बघितलं, गळ्यातली टेप काढली आणि माझ्याजवळ आली.

"हात वर कर," म्हणाली, आणि छातीचं माप घेऊन वहीत लिहिलं.